आजीचा खंड आणि नातीचं भाडं



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. वह्या मिटल्या, चहा आला, आणि एका वहिनींनी विषय काढला. त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी करंजाड्यात एक लहानसं घर घेतलं होतं. दाराला तोरण बांधलं, दूध उतू घातलं, सत्यनारायण केला, चार माणसं जेवू घातली. आणि आठव्या दिवशी किल्ली भाडेकरूच्या हातात दिली. स्वतः मात्र तळोज्याच्या कारखान्यांजवळच्या चाळीतल्या खोलीतच राहिल्या. "सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी," वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, ज्या घरात आपण एक रात्र पाठ टेकली नाही तिथे दुसऱ्याची चूल पेटली. आपल्यात असं कधी कोणी केलं होतं का?"

बैठकीत लगेच दोन तट पडले. एक जण म्हणाली, हप्ता काय सासूबाई भरणार आहेत? दुसरी म्हणाली, घरात शिरलेला माणूस पुन्हा निघेल कशावरून? तिसरीने तर सरळ सांगितलं, "कूळ लागेल हो तुमच्या घराला!"

हा "कूळ" शब्द ऐकला आणि मला माझी आजी आठवली. म्हणून आज कायद्याचं थोडं आणि जुन्या दिवसांचं जास्त बोलणार आहे. कारण सासूबाईंचा प्रश्न खरा आहे. असं पूर्वी कोणी केलं होतं का? आणि केलं नसेल, तर का नाही केलं?

ज्यांनी करंजाडे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पनवेल शहराला लागून सिडकोने वसवलेला हा भाग. मूळ गाव आहे, आणि गावाभोवती सेक्टर पाडून उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. संध्याकाळी रस्त्याने चालत गेलं की फाटकांवर, पानाच्या टपरीवर, विजेच्या खांबावर एकच पाटी दिसते: भाड्याने देणे आहे. काही दारांना वास्तुशांतीचं तोरण अजून हिरवं असतं आणि आत मात्र घर घेणारा नसतो. भाड्याने आलेली कुणी नर्स असते, कंटेनरच्या गोदामातला कारकून असतो, नाहीतर बीड-जळगावकडून आलेलं नवराबायकोचं जोडपं असतं.

आता मागे जाऊ. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. भाताचा मुलूख. खोत आणि सावकार यांच्या जमिनी, आणि कसणारी आपली माणसं. त्यांना म्हणत कूळ. पीक निघालं की त्यातला मोठा हिस्सा जमीनमालकाच्या कोठारात जायचा, त्याला म्हणत खंड. आजी सांगायची, खळ्यावर भात मोजताना बायकांनी मापाकडे बघायचं नाही असा दंडक होता. पाऊस कमी झाला तरी खंड ठरलेला. म्हणजे भाडं काय असतं, ते देणाऱ्याच्या पोटाला कसं लागतं, हे आपल्या घरातल्या बायांना शिकवावं लागत नव्हतं. फरक इतकाच की त्या कायम देणाऱ्या होत्या.

अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. आम्ही जमीन कसणारच नाही, असं म्हणून शेतं पडीक टाकली. एक दोन महिने नाही, १९३९ पर्यंत. या काळात घरं कशी चालली असतील याचा विचार करा. रानातली लाकडं, खाडीतली मासळी, मिळेल ती मजुरी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांची येत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला आले होते. या सगळ्या रेट्यातून १९३९ चा कूळ कायदा आला, मग १९४८ चा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. किंमत सरकार ठरवणार आणि ती हप्त्याहप्त्याने भरायची.

बघा, हप्ता भरून मालक होणं हा प्रकार आपल्याकडे बँकेच्या आधी कूळ कायद्याने आणला.

त्या कायद्यात एक कलम होतं, ते मला फार बोलकं वाटतं. जमिनीची मालकीण विधवा असेल, किंवा मालक अज्ञान मूल असेल किंवा अपंग असेल, तर कुळाची खरेदी त्यांच्यापुरती पुढे ढकलली जायची. एकट्या बाईला आपली जमीन स्वतः कसता येत नाही, तिने ती दुसऱ्याला दिली म्हणून तिच्यावर एकदम गदा नको, एवढी जाण कायदा करणाऱ्यांना होती. पण उलट बाजूही होती. कूळ म्हणून सातबाऱ्यावर नाव चढलं ते बहुतेक घरात पुरुषाचंच. रोपं लावली बायकांनी, आवणात कंबर मोडली बायकांची, आणि "कसणारा" मात्र तो.

कूळ कायद्याने आपल्या माणसांना जमीन दिली, आणि त्याबरोबर मनात एक गोष्ट पक्की बसवली: जो कसतो त्याची जमीन. मग तोच न्याय घराला लावून लोक म्हणू लागले, जो राहतो त्याचं घर. तिसऱ्या बाईच्या तोंडून जे निघालं, "कूळ लागेल", ते तिथून आलं आहे. आणि ही भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. तिला मुंबईनेही खतपाणी घातलं.

मुंबईत गिरण्या आल्या, कोकणातून-घाटावरून माणसं गेली, चाळी उठल्या. चाळीत घर विकत घेणं ही गोष्टच नव्हती, खोली भाड्याचीच. पहिल्या महायुद्धाच्या वेळी भाडी इतकी चढली की १९१८ साली सरकारला भाड्यावर बंधन घालावं लागलं. पुढे स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहज काढता येणार नाही अशी तजवीज केली. गिरणी कामगाराच्या बायकोला त्या कायद्याने रात्री सुखाची झोप दिली, हे विसरता कामा नये. पण वर्षं गेली, महागाई वाढली, भाडं तिथंच राहिलं. मालकाने डागडुजी सोडली. खोली हातोहात बदलताना पागडी नावाचा रोख व्यवहार सुरू झाला.

मग मालकांनी युक्ती काढली. भाडेकरू म्हणायचंच नाही, नुसता परवाना द्यायचा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. घर माझं, तू थोडे दिवस राहा, एवढंच. पण १९७३ साली कायदा बदलला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे कोणी अशा परवान्यावर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी गावच्या नातेवाइकाला, ओळखीच्या माणसाला चार महिन्यांसाठी म्हणून खोली दिली होती, त्यांची खोली कायमची गेली. ही बातमी गावोगावी पोचली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी घेतलेलं घर वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलं, पण भाड्याने दिलं नाही. आमच्या आळीतले एक गुरुजी निवृत्तीच्या पैशातून घेतलेल्या घराला दर दिवाळीला जाऊन झाडू मारून परत येत. आम्ही हसायचो त्यांना. आता वाटतं, त्यांनी १९७३ पाहिलं होतं.

दुसरं कारण म्हणजे तेव्हा घर घ्यायला कर्जच मिळत नव्हतं. भविष्य निर्वाह निधी, बायकोचे दागिने, गावची जमीन, एवढ्यावर घर उभं राहायचं. सामान्य पगारदाराला घरासाठी लांब मुदतीचं कर्ज देणारी एचडीएफसी निघाली १९७७ साली. त्याआधी घराचा पुरता पैसा जमेपर्यंत माणूस पन्नाशीला यायचा. मग घेतलेलं घर भाड्याने द्यायचा प्रश्न कुठे? हप्ता नव्हता, म्हणून हप्त्यासाठी भाडेकरू लागत नव्हता. तर वहिनी, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्यांच्या वेळी हे कोणी केलं नाही हे खरं. पण त्याचं कारण संस्कार कमी आणि कर्ज-कायदा जास्त.

आता करंजाड्याकडे येते, कारण इथे गोष्ट उलटी फिरली. सिडकोची स्थापना झाली १७ मार्च १९७० ला. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागातली ९५ गावं घेण्यात आली. १९५७ ला कुळाचे मालक झालेले शेतकरी, तेरा-चौदा वर्षांत त्यांच्या भातशेतीवर, मिठागरांवर संपादनाची नोटीस आली. नुकता हातात आलेला सातबारा पुन्हा गेला. मोबदला फार तोकडा होता. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात जासईच्या बाजूला आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील पुढारी होते. त्या मोर्चांमध्ये आपल्या आगरी-कोळी बायका पदर खोचून पुढे होत्या, हे ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून आपल्यात आहेत.

त्या लढ्यातून आली साडेबारा टक्के योजना. शासनाचे निर्णय १९९० आणि १९९४ चे. हिशेब समजून घ्या, कारण करंजाड्याच्या इमारती या हिशेबावर उभ्या आहेत. समजा एका घराची एक एकर जमीन गेली, म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले ३० टक्के रस्ते-शाळा-सार्वजनिक सोयींसाठी कापले की हातात उरतात साडेतीन गुंठे, साधारण ३५४ चौरस मीटर. त्यावर दीडपट बांधकाम करता येतं, म्हणजे सुमारे ५३० चौरस मीटर. जमीनही पूर्ण मालकीची नाही, सिडकोकडून ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. म्हणजे मालक म्हणवणाराही कागदावर भाडेकरूच! शेतकऱ्याकडे बांधायला पैसा नव्हता, म्हणून बिल्डर आला, सिडको, शेतकरी आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार झाला, इमारत उठली, काही घरं शेतकऱ्याच्या वाट्याला आली आणि बाकीची बिल्डरने विकली.

शेतकऱ्याला मिळालेली ही घरं बहुतेकांनी पहिल्या दिवसापासून भाड्याने दिली. कारण स्वतःला राहायला गावठाणातलं जुनं घर होतंच, अंगण होतं, तुळस होती. भाताच्या कणगीच्या जागी आता महिन्याचं भाडं आलं. आजी खंड द्यायची, नात भाडं घेऊ लागली. तीन पिढ्यांत एवढा फेर कुठल्या मुलखाने क्वचितच पाहिला असेल.

पुढे विमानतळ आला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, उलवे, तरघर, गणेशपुरी अशी दहा गावं उठली. या कुटुंबांना वडघर-करंजाडे परिसरात आणि आसपास भूखंड मिळाले, जुन्या घराच्या क्षेत्राच्या तिप्पट. बांधकाम होईपर्यंत ही माणसं स्वतः भाड्याच्या घरात राहिली, त्यासाठी ठरावीक महिन्यांचं भाडंही सिडकोने दिलं. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात राहिलेल्या बाईला पन्नाशीत पहिल्यांदा घरमालकिणीच्या वेळेत पाणी भरावं लागलं. नवी घरं बांधताना बऱ्याच जणांनी तळमजला आपल्याला आणि वरचे मजले भाड्याला असाच नकाशा केला. शेती गेली, खाडी बुजली, मग रोजची मिळकत कुठून येणार? ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. गाव जिथे होतं तिथून विमान उडतं, आणि त्या गावची बाई करंजाड्यात भाडेकरूच्या मुलाला म्हणते, गच्चीवर जाऊन बघ.

इथे मला एक बोचणारी गोष्ट सांगायची आहे, भले कुणाला राग येवो. १९९४ साली जून महिन्याच्या २२ तारखेला महाराष्ट्रात कायदा झाला, त्या दिवशी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्माने हक्क. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २८ तारखेला साडेबारा टक्क्यांचा मोठा शासन निर्णय आला. चार महिन्यांचं अंतर. मग भूखंड वाटपासाठी वारसांचे दाखले काढायची वेळ आली, आणि घरोघरी बहिणींना बोलावणं गेलं: सही करून जा. साडी-चोळी झाली, जेवण झालं, हक्कसोड पत्रावर अंगठा झाला. आता त्याच भूखंडावरच्या इमारतीतल्या घराचं भाडं दर महिन्याला भावाच्या खात्यात जमा होतं आणि बहीण दुसऱ्या गावी भाड्याच्या खोलीत राहते. सगळीकडे असं झालं असं मी म्हणत नाही. आपला हिस्सा आपणहून देणारे भाऊही मला माहीत आहेत, पण ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आता दुसरी बाजू, वहिनींसारख्यांची. यांनी बिल्डरच्या वाट्यातलं घर विकत घेतलं आहे, कर्ज काढून. १९९२ ला वाशीपर्यंत आणि १९९८ ला पनवेलपर्यंत लोकल आली, तेव्हापासून मुंबईत राहणं न परवडणारी माणसं इकडे सरकत आली. घर आज परवडतं म्हणून आज घ्यायचं, राहायला मात्र मुलांची दहावी झाल्यावर, बदली झाल्यावर, नाहीतर हप्ता हलका झाल्यावर यायचं. मधल्या काळात भाडेकरू. याला मी नाव ठेवत नाही. पण "भाड्यात हप्ता निघतो" असं जे एजंट सांगतो, तो हिशेब एकदा कागदावर मांडू.

समजा २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज. हप्ता येतो साधारण साडेबावीस हजार. त्यातले पहिल्या महिन्यात १८,७५० रुपये नुसतं व्याज, मुद्दल फिटतं पावणेचार हजारांच्या आत. समजा भाडं ९,००० मिळतं. म्हणजे हप्ता निघणं लांबच, अर्धं व्याजही निघत नाही. आता तुम्ही चाळीत ४,००० भाडं देता. स्वतः नव्या घरात गेलात तर हे ४,००० वाचतील, पण ९,००० येणार नाहीत. म्हणजे भाड्याने देण्याचा खरा फायदा महिना ५,०००, वर्षाचे ६०,०००. बरोबर? अजून नाही. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं जातं, ९,००० गेले. एजंट एका महिन्याचं भाडं घेतो, ९,००० गेले. रंग, नळ, कडी-कोयंडा धरून १०,०००. कराराचा खर्च २,००० धरा. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सेवाशुल्क १,५०० असेल तर त्याचे १० टक्के, १५० रुपये महिना, वर्षाचे १,८००. उरले २८,२००. साठ हजारांचे अर्धेसुद्धा राहिले नाहीत. तरी अठ्ठावीस हजार म्हणजे मुलीची वर्षाची फी निघते, ते काही थोडं नाही. फक्त साठ समजून खर्च करू नका.

भाडेकरू दोन-तीन वर्षं टिकला तर यातले बरेच खर्च वाचतात. म्हणून पाचशे रुपये जास्त देणाऱ्यापेक्षा नीट राहणारा भाडेकरू बरा, हे आमच्या गटातल्या सगळ्या घरमालकिणींचं एकमत आहे.

बिनभोगवटा शुल्काचं सांगितलं त्यावर थोडं अधिक. पूर्वी काही सोसायट्या भाड्याने घर देणाऱ्याला अव्वाच्या सव्वा शुल्क लावत. २००१ साली शासनाने मर्यादा घातली: सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि सेवाशुल्कात घरपट्टी धरायची नाही. उच्च न्यायालयातही ते टिकलं. तुमच्या पावतीत याहून मोठा आकडा दिसला तर सोसायटीला लेखी विचारा. जवळचे नातेवाईक, मुलगी-जावई, भाऊ-बहीण राहत असतील तर हे शुल्क लागत नाही.

राहिला कुळाचा प्रश्न. मैत्रिणींनो, ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, १९९९ चा. त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची मुदत संपली की घर परत मागण्याचा मालकाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळाचं शुल्क दुप्पट दराने मागता येतं. १९७३ सारखी स्थिती आज नाही. मात्र एक अट आहे, आणि तिथेच आपल्या बाया फसतात. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, नोंदणी नसेल आणि भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

"अकरा महिन्यांचा करार केला की नोंदवावा लागत नाही" असं अजूनही टपरीवर सांगतात. ती समजूत जुनी आहे. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोक अकरा महिन्यांचा करत. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. शंभराच्या स्टँपवर लिहून देव्हाऱ्यात ठेवलेला कागद कामाचा नाही. नोंदणी आता घरबसल्या होते, आधार आणि अंगठ्यावर, त्यामुळे कचेरीत दिवस मोडत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, सोसायटीला कराराची प्रत द्यायची. आणि इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे भाडेकरू शोधण्याआधी, खरं तर घर घेण्याआधीच बघायचं. सरकारी योजनेतून घर मिळालं असेल तर वाटपपत्रातल्या अटी वाचल्याशिवाय कुणाला किल्ली देऊ नका.

आता भाडेकरूचं ऐका, कारण तिथेही एक बाईच आहे. त्या कायद्यात भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि पाणी-वीज तोडायला मनाई आहे. राग आला म्हणून टाकीचा नळ बंद करणाऱ्या मालकिणीला मी पाहिलं आहे, आणि ती चरीच्या संपाची गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्या घरातली होती. दुसरं म्हणजे एकट्या बाईला घर नाकारणं. नवऱ्याने टाकलेली, नाहीतर नोकरीसाठी एकटी आलेली मुलगी चार दारं फिरते आणि "फॅमिलीलाच देतो" ऐकून परत जाते. मला विचाराल तर वेळेवर भाडं देणारे आणि ओटा स्वच्छ ठेवणारे भाडेकरू म्हणून या मुलींचं नाव पहिलं घ्यावं लागेल.

आणि नावाचं. घर घेताना बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. २०२३ साली ती अट काढली. सवलतीपोटी पुष्कळ घरं बायकांच्या नावावर झाली. पण कागदावर मालकीण असलेल्या बाईला विचारा, भाडं कुठल्या खात्यात येतं? भाडेकरूचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे? करारावर अंगठा देताना वाचून दाखवलं का? वहिनींना मी हेच विचारलं. घर दोघांच्या नावावर आहे, करारावर सही एकट्या मालकांची, भाडं त्यांच्या खात्यात. पुढच्या वेळी करार होईल तेव्हा दोघांची सही आणि भाडं जोडखात्यात, असं त्यांनी घरी बोलून ठरवलं आहे. सासूबाई अजून घुश्श्यातच आहेत म्हणा.

त्याच बैठकीला एक काकू होत्या, कोपऱ्यात गप्प बसलेल्या. त्यांनी करंजाड्यातलं घर सात वर्षं भाड्याने दिलं आणि गेल्या वर्षी स्वतः राहायला गेल्या. आम्ही विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, आधी परक्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात खिळे भलत्याच ठिकाणी ठोकलेले. देव ठेवायच्या जागी फ्रिजचा डाग. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, भाडेकरणीच्या मुलाची उंची वर्षावर्षाला मोजलेली. रंगारी ते पुसायला निघाला तर काकूंनी थांबवलं. सगळं घर रंगवलं, ती चौकट तेवढी तशीच ठेवली. आता त्यांचा नातू तिथे उभा राहतो, आणि त्याची पहिली रेघ त्या मुलाच्या दुसऱ्या रेघेच्या दोन बोटं वर आली आहे.